नऊ व्हिडिओ कॅसेट, पन्नास वर्षे

मुख्य कागद अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचा: ‘लॉकयर विरुद्ध अँड्राडे’, 5 मार्च 2003. त्यातली हकिकत कॅलिफोर्नियातली, आरोपी अँड्राडे याची आहे. 4 नोव्हेंबर 1995 रोजी ऑन्टारियोच्या के-मार्टमधून 84.70 डॉलरच्या 5 व्हिडिओ कॅसेट चोरीला गेल्या, 18 नोव्हेंबरला मॉन्टक्लेअरच्या के-मार्टमधून 68.84 डॉलरच्या 4. बेरीज 153.54 डॉलर. शिक्षा 25 वर्षे ते जन्मठेप, दोनदा, एकीमागून एक. पॅरोलचा विचारही 50 वर्षांनंतर.

एवढी शिक्षा आली कुठून, याचा माग त्याच निकालात लागतो. तेव्हाच्या कायद्यात पूर्वी चोरीची शिक्षा झालेल्याची किरकोळ चोरीही फेलनी, म्हणजे वरच्या वर्गातला गुन्हा धरता येत असे. धरलीच पाहिजे असे नव्हते. न्यायाधीशांना ती खालच्या वर्गात टाकता आली असती. त्यांनी टाकली नाही, अशी स्पष्ट नोंद आहे. मग जुन्या तीन घरफोड्या ‘स्ट्राइक’, म्हणजे मोजणीत धरायचे गंभीर गुन्हे, ठरल्या आणि 1994चा ‘तीन स्ट्राइक’ कायदा लागू झाला. पूर्वेतिहास असा दोनदा कामी आला. निकालात उद्धृत केलेल्या प्रोबेशन अहवालात आरोपी सांगतो की तो 1977पासून हेरॉइनच्या आहारी आहे आणि कॅसेट विकून हेरॉइनच घेणार होता.

बहुमत 5 विरुद्ध 4. पण बहुमताने ही शिक्षा न्याय्य आहे असे म्हटलेले नाही, आणि हे मला फार महत्त्वाचे वाटते. राज्यांच्या निकालांत संघीय न्यायालयांचा हस्तक्षेप मर्यादित करणाऱ्या 1996च्या कायद्यामुळे प्रश्न एवढाच उरला होता: राज्याच्या न्यायालयाने प्रस्थापित कायदा वस्तुनिष्ठदृष्ट्या अवाजवी रीतीने लावला का?

शिक्षेच्या फेरविचाराचा रस्ता पुढे मतपेटीतून निघाला. 6 नोव्हेंबर 2012 रोजी मतदारांनी ‘प्रपोझिशन 36’ मंजूर केले. तिसरा गुन्हा गंभीर वा हिंसक नसेल तर कैद्याला अर्ज करता येऊ लागला. खून, लैंगिक अत्याचार अशा पूर्वगुन्ह्यांना हे दार बंद होते. घरफोडी त्या यादीत नाही. तेव्हा निदान कागदावर तरी अँड्राडे पात्र ठरत होता. हा माझा निष्कर्ष, न्यायालयाचा नव्हे. तेव्हाच्या नव्या हिशेबाने अशा चोरीची कमाल शिक्षा, 3 वर्षे, दुप्पट करून 6 होत असे; जुन्या कैदेपोटीची वाढ निराळी.

तरीही सुटका आपोआप नव्हती. समाजाला अवाजवी धोका दिसला तर न्यायाधीश अर्ज नाकारू शकत. त्यासाठी पूर्वगुन्हे आणि तुरुंगातली वर्तणूक, दोन्ही पाहण्याची मुभा होती. अर्ज मात्र मूळ शिक्षा देणाऱ्या न्यायालयातच करायचा होता.