मुंबईची एक विस्मृत ध्वनिमुद्रिका

'ॲसिड हाउस' नांवाचें यांत्रिक नृत्यसंगीत १९८७ च्या सुमारास अमेरिकेंतील शिकागो शहरीं उदयास आलें, असें सांगतात. परंतु त्याच्याशीं विलक्षण साम्य असलेलें वादन मुंबईंत आधींच झालें होतें. तें करणारे चरणजितसिंग हे हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांतील वादक होते.

१९८२ सालीं त्यांनीं रोलँड या जपानी कंपनीचीं तीन वाद्ययंत्रें एकत्र जोडलीं. एक यंत्र ताल धरी, दुसरें खर्जाचे स्वर फिरवी आणि तिसऱ्यावर ते स्वतः राग वाजवीत. भैरवी, ललत, यमन, मालकंस इत्यादि दहा राग त्यांनीं असे मुद्रित केले. ध्वनिमुद्रिका मात्र फारशी खपली नाहीं. पुढें एडो बाउमान या डच संग्राहकानें ती शोधून २०१० सालीं पुनः प्रसिद्ध केली. तेव्हां सत्तरीच्या चरणजितसिंगांस युरोपांतून वादनाचीं आमंत्रणें आलीं. २०१५ सालीं ते निवर्तले.

मग शिकागोचें श्रेय मुंबईस द्यावें काय? तें न्याय्य होणार नाहीं. खर्जाचें तें यंत्र बाजारांत न चालल्यानें स्वस्त झालें व शिकागोच्या तरुणांच्या हातीं स्वतंत्रपणें पडलें. त्यांनीं हें वादन ऐकल्याचा पुरावा नाहीं. साम्य उपजलें तें यंत्राच्या समान स्वभावांतून. तथापि रागाच्या अखंड आधारस्वराशीं त्या यंत्राचें नातें जुळविण्याची कल्पकता चरणजितसिंगांचीच होती. तिची चहा होण्यास २८ वर्षें लागावीं, आणि तीहि परक्याच्या हातून व्हावी, ही खंत रास्त होय.