स्क्वॉटचं वजन एका आकड्यावर का अडकतं? ते वाढवायचं कसं?

जिममध्ये नव्याने जाणाऱ्यांचं स्क्वॉटचं वजन पहिले काही महिने भराभर वाढतं आणि मग एका आकड्यावर अडून बसतं. अशा वेळी आणखी प्लेट लावून अर्ध्यातूनच उठण्याचा मोह होतो. त्यात बारवरचा आकडा वाढतो, पण पायांची ताकद तेवढी वाढत नाही.

सुरुवातीला वजन लवकर का वाढतं?

पहिल्या आठवड्यांत स्नायू फारसे मोठे झालेले नसतात. मेंदू आणि मज्जासंस्था असलेल्याच स्नायूंकडून जास्त काम करून घ्यायला शिकतात. त्यापुढे स्नायूंची प्रत्यक्ष वाढ लागते आणि तिला महिने जातात. म्हणून वेग मंदावणं स्वाभाविक आहे.

तालमीतल्या बैठका आणि स्क्वॉटमध्ये फरक काय?

पैलवान शेकड्याने बैठका मारतात. तिथे वजन फक्त शरीराचं आणि संख्या मोठी असते, त्यामुळे दम वाढतो, पाय लवकर थकत नाहीत. खांद्यावर १०० किलो घेऊन उठण्याची ताकद मात्र जड वजनाच्या सरावानेच येते. त्यासाठी आठवड्यातून दोनदा, ३ ते ६ रेप्सचे ३ ते ५ सेट पुरतात. दोन सेटमध्ये ३ ते ५ मिनिटं विश्रांती घ्यावी.

वजन किती वाढवावं?

सगळे रेप्स पूर्ण खोलीपर्यंत झाले, तरच पुढच्या वेळी दोन्ही बाजूंना १.२५ किलोची प्लेट लावावी, म्हणजे एकूण २.५ किलो वाढ. समजा, ८० किलोवर ५ रेप्स ठरले आहेत, पण सलग दोन-तीन वेळा तिसऱ्यालाच अडतं. तेव्हा वजन साधारण १० टक्क्यांनी, म्हणजे ७२.५ किलोपर्यंत, खाली आणून पुन्हा चढत जावं.

नेमकं कुठे अडतं?

बहुतेकांचा बार खालून उठताना, मांड्या जमिनीला समांतर होतात त्याच्या थोडं वर अडतो. अर्ध्या स्क्वॉटमध्ये या भागाचा सरावच होत नाही. पॉवरलिफ्टिंगच्या स्पर्धेतही मांडीचा नितंबाजवळचा भाग गुडघ्याच्या वरच्या टोकाखाली गेला नाही, तर लिफ्ट बाद ठरते. यावर उपाय म्हणजे पॉज स्क्वॉट: कमी वजन घ्यायचं, खाली २-३ सेकंद थांबायचं आणि झटका न देता उठायचं.

श्वासाचं काय?

खाली जाण्याआधी पोटात खोल श्वास भरून पोट आणि कंबर घट्ट करावी, त्याने पाठीच्या कण्याला आधार मिळतो. मात्र असा श्वास रोखल्याने रक्तदाब तेवढ्यापुरता बराच वाढतो. उच्च रक्तदाब, हृदयविकार किंवा हर्निया असणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं.

आहार आणि झोप

ताकद वाढवण्यासाठी दर किलो वजनामागे रोज सुमारे १.६ ग्रॅम प्रोटीन पुरेसं मानलं जातं. ७० किलोच्या माणसासाठी ते साधारण ११० ग्रॅम होतं. मूत्रपिंडाचा आजार असल्यास हे प्रमाण डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावं. झोप अपुरी असेल, तर प्लेट वाढवण्याआधी ती सुधारावी.

कधी थांबावं?

मांड्या भरून येणं नेहमीचं आहे. गुडघ्यात टोचणारी कळ किंवा कमरेतून पायात उतरणारी वेदना आली, तर सेट तिथेच सोडावा. जड सेटआधी रॅकचे सेफ्टी बार योग्य उंचीवर लावलेत ना, हे पाहावं. उठता आलं नाही, तर वजन त्यांच्यावर टेकवता येतं.