फुलपुडीपासून पुष्पगुच्छापर्यंत

मंडळाच्या पन्नास वर्षांच्या वाटचालीत कोणी कोणते पद भूषविले, कोणते नाटक कोठे झाले आणि गणेशोत्सवाची वर्गणी कशी वाढत गेली, ह्याविषयी ह्या स्मरणिकेत इतरत्र लिहिले गेले आहेच. संपादकांनी आमच्याकडे 'काहीतरी ऐतिहासिक' मागितले, तेव्हा आम्ही एक क्षुल्लक वाटणारा विषय निवडला. तो म्हणजे फुले; आणि त्याहूनही नेमके सांगावयाचे तर ती फुले घरी कोण आणून देतो, हा प्रश्न.

हा प्रश्न आम्हांस सुचला नाही. तो एका आजींनी विचारला. द्वारकेतील आमच्या गृहनिर्माण संस्थेत त्या एकट्या राहतात. त्यांच्या सहस्रचंद्रदर्शनाच्या दिवशी चिरंजीवांनी कॅनडाहून पुष्पगुच्छ पाठविला. वीस लाल गुलाब, मध्ये पांढऱ्या फुलांची नाजूक जाळी, चकचकीत कागद, रेशमी फीत आणि एका कार्डावर छापील शुभेच्छा. आम्ही तो वर नेऊन दिला, तेव्हा आजी म्हणाल्या, ''फुलं कोणी आणली?'' दुकानाचा मुलगा आला होता, असे आम्ही सांगितले. ''मग त्याला वर नाही का आणलंत? सणासुदीचं घर, हातावर पेढा तरी ठेवला असता.'' तो मुलगा फाटकावरील पहारेकऱ्यापाशी गुच्छ ठेवून, त्याची सही घेऊन केव्हाच निघून गेला होता.

मराठी माणसास फुले घरपोच मिळण्याची सवय आजची नव्हे. पेशवाईच्या उत्तरकाळात पुण्यात दरबारास आणि वाड्यांना नित्य फुले पुरविणारी घराणी होती. त्यांपैकी एका घराण्याचे नाव सर्व महाराष्ट्र जाणतो. सातारा जिल्ह्यातील कटगुणचे हे गोऱ्हे कुटुंब. पुण्यास आल्यावर ते पेशव्यांना हार, गजरे आणि फुलांच्या गाद्या पुरवू लागले. कामावर खूश होऊन पेशव्यांनी त्यांस पस्तीस एकर जमीन इनाम दिली, असे महात्मा जोतीराव फुले ह्यांचे चरित्रकार सांगतात. फुलांच्या ह्या धंद्यावरून गोऱ्ह्यांचे 'फुले' झाले. इनामाची जमीन वडील भावाने आपल्याच ताब्यात ठेविल्याने जोतीरावांचे वडील गोविंदराव ह्यांस तिचा लाभ झाला नाही. त्यांनी शेती आणि भाजीफुलांच्या विक्रीवर संसार केला. ज्या मंडईचा पुणेकरांस अभिमान वाटतो, ती १८८६ साली 'रे मार्केट' म्हणून उघडली आणि आज जोतीरावांचे नाव धारण करून उभी आहे. फुलवाल्याच्या मुलाने पुढे मुलींची शाळा काढून पुण्यास कसे हलविले, हा इतिहास येथे सांगण्याची गरज नाही. मात्र त्या थोर आडनावामागे कोणाच्या तरी दारी रोज सकाळी फुलांची परडी पोहोचविणारे हात आहेत, हे आपण सहसा विसरतो.

पेशवे गेले तरी परडी गेली नाही. ती लहान होऊन मध्यमवर्गीयाच्या दारी आली आणि तिचे नाव झाले फुलपुडी. पुण्याच्या पेठांत, गिरगावात, दादरला ज्यांचे बालपण गेले त्यांस हिचे वर्णन करून सांगावयास नको. परंतु ज्या मुलांचा जन्मच दिल्लीत वा त्याहूनही दूर झाला, त्यांच्यासाठी चार ओळी लिहितो. पहाटे फुलवाला वा त्याची बायको येई. पळसाच्या किंवा केळीच्या पानात बांधलेली पुडी दाराच्या कडीला अडकवी आणि हाक न मारता पुढच्या दारी जाई. पुडीत तगर, कण्हेर, झेंडू, एखादे जास्वंद, तुळशीची चार पाने. सोमवारी बेल, चतुर्थीला दुर्वा. कोणत्या घरी गणपती, कोठे बालाजी, कोणत्या घरी सुतक असल्याने दहा दिवस पुडी द्यावयाची नाही, हे सारे त्यास तोंडपाठ असे. हिशेब महिन्याचा, आणि तोही तोंडीच.

ह्या पुडीचे आणखी एक काम होते, ते कोणी ठरवून दिलेले नव्हते. सकाळचे नऊ वाजून गेले आणि एखाद्या दारावर पुडी तशीच लोंबत असली, की शेजारीण कडी वाजवी. घरातले गावाला गेले असतील तर त्यांनी फुलवाल्यास सांगितले असते. सांगितले नाही आणि पुडीही घेतली नाही, ह्याचा अर्थ आत काहीतरी बरे नाही. चाळीतील कित्येक म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या आजाराची पहिली वर्दी ह्या लोंबत्या पुडीने दिलेली आहे.

आता दिल्लीकडे वळू. मराठी माणूस येथे नोकरीसाठी प्रथम आला, ही समजूत चुकीची आहे. पेशव्यांचे वकील हिंगणे अठराव्या शतकात येथे राहून पुण्यास पत्रे धाडीत होते, आणि १७८८ पासून १८०३ पर्यंत ह्या शहराचा कारभार महादजी शिंदे व त्यांच्यामागून दौलतराव ह्यांच्या सत्तेखाली होता. ११ सप्टेंबर १८०३ रोजी यमुनेच्या पूर्वतीरावर पटपडगंज येथे जनरल लेकने शिंद्यांच्या फौजेचा पराभव केला आणि दिल्ली आपल्या हातून गेली. हे गाव वाचकांनी ध्यानात ठेवावे. फुलांच्या निमित्ताने तेथे पुन्हा जावयाचे आहे.

त्यानंतर थोड्याच वर्षांत, १८१२ च्या सुमारास, दिल्लीची सर्वांत प्रसिद्ध फुलांची चाल सुरू झाली. बादशहा दुसरा अकबर ह्याचा पुत्र मिर्झा जहांगीर ह्यास इंग्रज रेसिडेंटाशी झालेल्या उद्धटपणाबद्दल अलाहाबादेस हद्दपार करण्यात आले होते. मुलगा सुखरूप परत आला तर मेहरोलीस ख्वाजा बख्तियार काकी ह्यांच्या दर्ग्यावर फुलांची चादर चढवीन, असा नवस त्याच्या आईने केला. मुलगा परतला, चादर चढली, आणि जवळच्याच योगमाया देवीच्या मंदिरातही फुलांचा पंखा अर्पण झाला. तीच ही 'फूलवालों की सैर'. १९४२ च्या चळवळीच्या काळात इंग्रजांनी ती बंद केली. पंडित नेहरूंच्या पुढाकाराने १९६० च्या दशकाच्या आरंभी ती पुन्हा सुरू झाली. दूर गेलेल्या मुलासाठी आईने फुले बोलावी, ह्यात आम्हां परमुलुखी राहणाऱ्यांस परके असे काय आहे? आता फुले मुलगा पाठवितो, एवढाच फरक.

स्वातंत्र्यानंतर करोलबाग, पहाडगंज, सरोजिनीनगर आणि रामकृष्णपुरम् येथील सरकारी वा भाड्याच्या घरांत जी मराठी बिऱ्हाडे स्थिरावली, त्यांस फुलांची टंचाई नव्हती. टंचाई होती आपल्या फुलांची. झेंडू, म्हणजे येथला गेंदा, मुबलक होता. गुलाब तर ह्या शहराचा लाडका. पुसा येथील कृषी संशोधन संस्थेचे एके काळचे संचालक डॉ. बी. पी. पाल हे स्वतः नामांकित गुलाबतज्ज्ञ. 'दिल्ली प्रिन्सेस' नावाचा गुलाब त्यांनीच निर्माण केला. पण अबोली कोठून आणावी? सोनचाफा कोठून आणावा? आमच्या मंडळातील एका भगिनीचे डोहाळजेवण आम्हांस आठवते. फुलांचे दागिने हवेत, असा तिच्या आईचा हट्ट. १९७२ साली मुंबईहून राजधानी एक्सप्रेस सुरू झालेली होती. दादरच्या फुलबाजारातून वेण्या घेऊन ओल्या फडक्यात गुंडाळून, पितळी डब्यात घालून, कोणा परिचिताच्या स्वाधीन केल्या. नवी दिल्ली स्थानकावर आमच्यापैकी दोघे सकाळी थंडीत उभे होते. डबा उघडला तेव्हा निम्मी अबोली काळवंडली होती. उरलेल्या निम्म्यात बाजूबंद झाले, वेणी झाली, आणि कमरपट्ट्याला दिल्लीचा गेंदा लावून वेळ मारून नेली. छायाचित्र कृष्णधवल असल्याने कोणास भेद कळत नाही.

पाश्चात्त्य देशांत ह्या अडचणीवर फार पूर्वीच उपाय निघाला होता. फूल प्रवास सोसत नाही, पण निरोप सोसतो. तेव्हा फूल पाठवूच नये, निरोप पाठवावा, आणि फूल त्या गावच्या दुकानदाराने द्यावे. बर्लिनचा पुष्पविक्रेता माक्स ह्यूब्नर ह्याने १९०८ साली अशा व्यवहारासाठी दुकानदारांची संघटना उभारली. १९१० साली अमेरिकेतील पंधरा दुकानदारांनी एकमेकांच्या मागण्या तारेने पुरविण्याचा करार केला. १९४६ मध्ये ह्या चळवळीतील संघटना 'इंटरफ्लोरा' ह्या नावाखाली एकत्र आल्या. कल्पना साधी होती, पण तिच्यात मोठा विश्वास गृहीत होता: मी न पाहिलेला दुकानदार, मी न पाहिलेली फुले, माझ्या आईच्या हाती देईल.

आमच्याकडे त्या काळी तारेने फुले येत नसत, शब्द येत. शुभेच्छांच्या तारेसाठी टपालखात्याने मजकूर ठरवून त्यांस क्रमांक दिलेले असत; तारबाबूस केवळ क्रमांक सांगावयाचा. पुण्याहून निघालेला एखादा आकडा रामकृष्णपुरम् येथे पोहोचला की त्याचा आशीर्वाद होई. जुलै २०१३ मध्ये ती तारसेवाही बंद झाली. छापील शुभेच्छांस नावे ठेवणाऱ्या आमच्या पिढीने हा आकडा विसरू नये.

१९९१ नंतर देशाचे आर्थिक धोरण बदलले आणि फुलांचेही दिवस पालटले. पुणे व बंगळूर ह्या भागांत परदेशी निर्यातीसाठी हरितगृहे उभी राहिली. तळेगाव दाभाडे आणि मावळचा परिसर, जेथे आपण भात आणि पाऊस एवढेच पाहिले होते, तेथे लांब दांड्याचे गुलाब आणि जरबेरा पिकू लागले. १९९४ मध्ये दिल्लीतच 'फर्न्स एन पेटल्स' हे दुकान निघाले आणि पुढे त्याच्या शाखा देशभर पसरल्या. पुष्पगुच्छ हा सभेतील पाहुण्यांपुरता राहिला नाही. तो वाढदिवसाला घरी येऊ लागला.

ह्याच सुमारास दिल्लीच्या नैर्ऋत्येस पप्पनकलां नावाने ओळखल्या जाणाऱ्या शेतजमिनीवर विकास प्राधिकरणाचे नवे उपनगर वसत होते. त्याचे नाव द्वारका. सहकारी गृहनिर्माण संस्थांना तेथे भूखंड मिळाले, निवृत्तीचा पैसा घालून आमच्यापैकी अनेकांनी घरे घेतली, आणि ३१ डिसेंबर २००५ रोजी मेट्रो द्वारकेपर्यंत आली तेव्हा आपण अगदीच जंगलात राहावयास आलो नाही, अशी खात्री पटली. मुले मात्र तोवर पुणे, बंगळूर, अमेरिका, कॅनडा अशी पांगली होती. द्वारकेच्या प्रत्येक सेक्टरच्या बाजारात फुलवाल्याची टपरी का चालते, हे सांगावयास अर्थशास्त्रज्ञ नको.

हा फुलवाला आपला दिवस मध्यरात्रीनंतरच सुरू करतो. पूर्वी फतेहपुरी, कॅनॉट प्लेसजवळचा हनुमान मंदिराचा परिसर आणि मेहरोली येथे घाऊक फुलबाजार भरत. २०११ च्या सुमारास ते गाझीपूरला हलविण्यात आले. गाझीपूर हे शहराच्या पूर्व टोकाला, द्वारकेपासून तीस किलोमीटरहून अधिक दूर, आणि पटपडगंजला लागून. ज्या परिसरात आपण दिल्ली गमावली, तेथूनच आज दिल्लीतील मराठी घरांत गणपतीची फुले येतात. पहाटे तेथे पुठ्ठ्याच्या खोक्यांतून, वीस-वीस गुलाबांच्या जुड्या उघडतात. कळी घट्ट मिटलेली असतानाच दांडा कापलेला, लगेच पाण्यात आणि शीतगृहात ठेवलेला, आणि मग दूरचा प्रवास. त्यांत पुण्याकडचे गुलाबही असतात. म्हणजे कोथरूडच्या मुलाने द्वारकेतील आईस 'तेथलाच' गुच्छ धाडला, तर तो गुलाब बहुधा मुलाच्या घरापासून तासाभराच्या अंतरावर उमललेला असावयाचा!

व्यवस्था मोठी आहे, तशा तिच्या गमतीही आहेत. आमच्या स्वतःच्या लग्नाच्या पन्नासाव्या वाढदिवसाचा गुच्छ भलत्याच सेक्टरातील त्याच क्रमांकाच्या भूखंडावर गेला आणि तेथील एका सज्जनांनी तो दोन दिवस पाणी घालून जपला. कोणत्या दुकानाची चूक, हे सांगण्यात अर्थ नाही. द्वारकेचे पत्ते आम्हांसही अजून पुरते उमगलेले नाहीत. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली तेव्हा मात्र गंमत संपली. महाराष्ट्रातील फूलशेतकऱ्यांनी तोडलेली फुले उकिरड्यावर टाकली, आणि पुढच्या वर्षीच्या एप्रिलात आमच्या संस्थेतील दोन गृहस्थ फुलावाचून गेले. त्या आजींचे यजमान त्यांपैकी एक.

सहस्रचंद्रदर्शनाच्या त्या गुच्छाचे पुढे काय झाले, ते आता सांगतो. आजींनी फीत सोडली, हिरव्या स्पंजातून एकेक गुलाब काढला, एक देवापुढे, एक यजमानांच्या तसबिरीला, आणि उरलेले मजल्यावरील प्रत्येक घरी वाटले. दुसऱ्या दिवशी काठी टेकीत त्या बाजारातील फुलवाल्याकडे गेल्या. हा बिहारचा तरुण. फुलपुडी म्हणजे काय, हे त्यास समजावण्यास त्यांस अर्धा तास लागला. रोज दोन फुलांसाठी तिसऱ्या मजल्यावर येणे त्यास परवडेना. तेव्हा आजींनी आम्हांसह आणखी सात घरे मिळवून दिली. पळसाचे पान नाही, वर्तमानपत्राचा कागद. कडी नाही, लोखंडी जाळीच्या दाराची मूठ. पुडी सुरू झाली.

गेल्या पौषात एके सकाळी धुके इतके दाट होते की समोरची इमारत दिसत नव्हती. समोरच्या पंजाबी बाई कामावर निघाल्या, तेव्हा आजींच्या दारावरची पुडी त्यांस दिसली. साडेनऊ वाजले होते. पुडीचा तो जुना संकेत त्यांस कोणी सांगितलेला नव्हता; त्यांस केवळ ते रोजच्यासारखे वाटले नाही. त्यांनी घंटा वाजविली, मग आम्हांस बोलावले. आजी न्हाणीघरात घसरून पडल्या होत्या, शुद्धीवर होत्या, उठता येत नव्हते. खुब्याचे हाड मोडले होते. मुलगा तिसऱ्या दिवशी पोहोचला.

आजी अकरा दिवस इस्पितळात होत्या. फुलवाल्यास कळवावयाचे ह्या गडबडीत राहूनच गेले, आणि तो रोज पुडी अडकवीत राहिला. समोरच्या बाई ती सोडवून, आमच्याकडून किल्ली घेऊन, आजींच्या देवांपुढे फुले ठेवीत. महिनाअखेरीस फुलवाला त्या अकरा दिवसांचे पैसे घेईना. आजींनी अंथरुणावरूनच त्यास बोलावून घेतले. देवाला फुले पोहोचली आहेत, तेव्हा हिशेब पुरा घे, असे त्यास बजावले, आणि राहिलेला पेढा त्याच्या हातावर ठेवला.