गृहपालांच्या सह्या

हैदराबादच्या पूर्वेस सुमारे दोनशे किलोमीटरवर खम्मम जिल्हा आहे. आज तो तेलंगणात मोडतो. २००९ साली तो आंध्र प्रदेशात होता. त्या वर्षीच्या जुलैत तेथील दहा ते चौदा वर्षांच्या सुमारे चौदा हजार मुलींना एक नवी लस टोचण्यास आरंभ झाला. गर्भाशयमुखाचा कर्करोग एका विषाणूपासून उद्भवतो, या हाराल्ड त्सुर हाउझेन यांच्या शोधाला नोबेल पारितोषिक मिळून तेव्हा वर्षही लोटले नव्हते. त्याच ‘एचपीव्ही’ विषाणूला अटकाव करणारी ही लस होय. ‘पाथ’ ही अमेरिकन संस्था व भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद यांनी राज्य सरकारच्या साहाय्याने हा उपक्रम हाती घेतला. गुजरातेत बडोद्याकडेही तो चालू झाला.

पुढे काही मुलींच्या मृत्यूच्या वार्ता आल्या. स्त्रियांच्या आरोग्यासाठी झटणाऱ्या कार्यकर्त्या भद्राचलमला जाऊन आल्या, दिल्लीत प्रश्न उपस्थित झाले आणि एप्रिल २०१० मध्ये केंद्र सरकारने उपक्रम थांबविला. दोन्ही राज्यांत मिळून सात मुली दगावल्या होत्या. पाण्यात बुडणे, सर्पदंश, कीटकनाशकाचे प्राशन अशी त्यांतील काही मृत्यूंची कारणे. त्यांचा लसीशी संबंध दिसत नाही, असे चौकशी समितीने सांगितले. लसीच्या पुरस्कर्त्यांना एवढ्यावर वाद मिटलासा वाटला. वस्तुतः खरा वाद तेथूनच सुरू होत होता. आंध्रातील ९,५४३ संमतिपत्रांपैकी २,७६३ पत्रांवर पालकांच्या नव्हे, वसतिगृहाच्या गृहपालांच्या सह्या होत्या. १,९४८ पत्रांवर केवळ अंगठे होते. आईबापांनी मुलीला वसतिगृहात धाडले ते शिक्षणासाठी. तिच्या देहावरील निर्णयाचा अधिकार त्यांनी गृहपालाच्या हाती दिला नव्हता. लस निर्दोष असली म्हणून ही सही निर्दोष ठरत नाही. ऑगस्ट २०१३ मध्ये संसदीय समितीने याच मुद्द्यावर कठोर शब्द वापरले.

दरम्यान, लसीच्या दोन मात्रा पुरतात की तीन लागतात, हे पाहणारे एक वेगळे संशोधन देशात चालू होते. हैदराबादची मेहदी नवाज जंग कर्करोग संस्था, बार्शीचे नर्गिस दत्त रुग्णालय व पुण्यातील एक केंद्र त्यात होते. खम्ममच्या गदारोळात तेथील लसीकरणही स्थगित झाले आणि ४,९५० मुली एकाच मात्रेवर राहिल्या. संशोधकांनी त्यांना वाऱ्यावर सोडले नाही. वर्षानुवर्षे त्यांचा मागोवा घेतला. २०२१ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले: या विषाणूच्या दोन प्रमुख प्रकारांचा चिवट संसर्ग रोखण्यात एका मात्रेची परिणामकारकता ९५.४ टक्के, तर तीन मात्रांची ९३.३ टक्के. हा फरक नगण्यच. डिसेंबर २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने एका मात्रेचा पर्याय मान्य केला, तेव्हा ज्या पुराव्यांचा आधार घेतला गेला त्यांत या मुलींच्या नोंदी होत्या. त्यांची उरलेली मात्रा संशोधकांच्या योजनेने नव्हे, सरकारी आदेशाने हुकली होती.