वळीव, उष्मा आणि ‘तुरळक ठिकाणी’
रायगडच्या अंतर्भागात वैशाखातील हवामानाचा अंदाज कसा वाचावा

चैत्र सरून वैशाख लागला की हवामान खात्याच्या अंदाजात रायगड जिल्ह्यापुढे एक ठरावीक वाक्य दिसू लागते : ‘हवामान उष्ण व दमट राहील, तुरळक ठिकाणी मेघगर्जनेसह हलक्या पावसाची शक्यता.’ मात्र जिल्हा एक असला, तरी हवा एक नसते. अलिबाग समुद्रकाठी वसले आहे, माथेरान सुमारे ८०० मीटर उंचीवर आहे, आणि खालापूर तालुक्यातील मोहोपाडा या दोहोंच्या मध्ये, पाताळगंगेच्या खोऱ्यात आहे. त्यामुळे कर्जत-खालापूरच्या रहिवाशांना जिल्ह्याचा अंदाज आपल्या भूगोलाशी ताडूनच वाचावा लागतो.

हवा का पालटते?

मार्च ते मे हा काळ पूर्वमोसमी हंगाम म्हणून ओळखला जातो. सकाळी जमिनीवरून, म्हणजे पूर्वेकडून, येणारे वारे कोरडे व उष्ण असतात. दुपारी समुद्राकडून खारे वारे सुटतात आणि पारा आवरला जातो. किनाऱ्यावर हा दिलासा लवकर मिळतो, तर डोंगरांआडच्या खोऱ्यांत तो उशिरा पोहोचतो. ज्या दिवशी पूर्वेचे वारे जोर धरतात, त्या दिवशी खारे वारे रेंगाळतात आणि अंतर्भाग अधिक तापतो.

समुद्रावरून आलेले बाष्प तापलेल्या जमिनीवर वेगाने वर चढते. सह्याद्रीच्या उतारामुळे त्याला आणखी उठाव मिळतो. अशा वेळी दुपारनंतर घाटमाथ्यावर उंच गडगडाटी ढग उभे राहतात आणि वरच्या थरातील वारे अनुकूल असल्यास खाली कोकणाकडे सरकतात. हाच वळीव. एका गावात गारवा आणि शेजारच्या गावात धूळ, असा अनुभव त्यामुळेच येतो.

शब्दांचे नेमके अर्थ

अंदाजातील शब्द मोघम वाटले, तरी त्यांना ठरलेली मापे आहेत. ‘तुरळक ठिकाणी’ म्हणजे त्या क्षेत्रातील जास्तीत जास्त २५ टक्के केंद्रांवर पाऊस. ‘काही ठिकाणी’ म्हणजे २६ ते ५० टक्के. ‘हलका पाऊस’ म्हणजे २४ तासांत २.५ ते १५.५ मिलिमीटर, ‘मध्यम’ १५.६ ते ६४.४ मिलिमीटर, आणि ६४.५ मिलिमीटरपासून पुढे ‘जोरदार’. म्हणजेच ‘तुरळक’ हा शब्द पावसाचा विस्तार सांगतो, जोर नव्हे. हलक्या सरीबरोबर येणारा वारा मात्र हलका असेलच असे नाही. पिवळा इशारा सावध राहण्याचा, नारिंगी सज्ज राहण्याचा, तर लाल तातडीने कृती करण्याचा असतो.

आकड्यापलीकडचा उष्मा

उष्णतेची लाट जाहीर करण्यासाठी मैदानी भागात किमान ४०, तर किनारी भागात किमान ३७ अंश तापमान आणि सरासरीपेक्षा साडेचार अंश वा अधिक वाढ हा सर्वसाधारण निकष आहे. तथापि हवेत बाष्प भरपूर असल्यास घाम वाळत नाही आणि शरीराला स्वतःला थंड राखणे जमेनासे होते. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघर येथे ‘महाराष्ट्र भूषण’ पुरस्कार सोहळ्यास उघड्या मैदानात बसलेल्या श्रोत्यांपैकी १४ जणांचा मृत्यू झाला. त्या दिवशी परिसरात नोंदले गेलेले तापमान ३८ अंशांच्या आसपास होते. पारा चाळिशीखाली आहे, एवढ्यावर निर्धास्त राहता येत नाही, हे त्या दुर्घटनेने दाखवून दिले.

वारा आणि वीज

१३ मे २०२४ रोजी मुंबईत दुपारी धुळीचे वादळ उठले आणि घाटकोपर येथे महाकाय जाहिरात फलक पेट्रोल पंपावर कोसळून १७ जणांचा बळी गेला. गडगडाटी ढगातून खाली कोसळणारी थंड हवा जमिनीवर सर्व दिशांना पसरते. पावसाआधी येणारा सोसाटा तो हाच. आभाळ अंधारून आले की पत्र्याची शेड, फलक व जुनी झाडे यांपासून दूर राहावे. वीज चमकल्यानंतर ३० सेकंदांच्या आत गडगडाट ऐकू आल्यास वीज सुमारे दहा किलोमीटरच्या आत आहे असे समजून पक्क्या घरात जावे आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नये. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे ‘दामिनी’ हे मोबाईल अॅप परिसरातील विजेची पूर्वसूचना देते.

कोणाचे नुकसान?

शहरवासीयांना सुखद वाटणारी सर वीटभट्टीवर रचलेल्या कच्च्या विटांचा चिखल करते आणि भट्टीवर राबणाऱ्या कातकरी कुटुंबांची मेहनत वाया जाते. कर्जत तालुक्यात राजनाला कालव्याच्या पाण्यावर पिकणारे उन्हाळी भात कापणीच्या वेळी भिजते. आंब्याची फळे वाऱ्याने गळतात. अंगणात वाळत घातलेल्या पापड-कुरडयांची तर दरवर्षीच धावपळ होते.

वळीव म्हणजे मोसमी पाऊस नव्हे. मुंबईत मोसमी पावसाच्या आगमनाची सर्वसाधारण तारीख ११ जून आहे. २०२५ साली तो २६ मे रोजीच दाखल झाला, हा अपवाद होय. त्यामुळे मेमधील दोन-चार सरींवर विसंबून भाताची पेरणी उरकणे धोक्याचे ठरते. मध्ये उघडीप पडल्यास रोपे करपतात. जिल्ह्याचा अंदाज सकाळी पाहावा, दुपारनंतर पुढील तीन तासांसाठीचा तातडीचा इशारा पाहावा आणि पूर्वेला सह्याद्रीवर चढणाऱ्या ढगांकडे लक्ष ठेवावे. मोहोपाड्यासारख्या गावी या तिन्हींची सांगड घातली, तरच अंदाज उपयोगी पडतो.