उघडण्याचा क्रम : साथीनंतरचे शहर आणि आपण

साथीचा इतिहास आपल्याकडे नेहमी बंदीपासून सांगितला जातो. शहर कधी ओस पडले, कोणत्या साहेबाने कोणता हुकूम काढला, किती माणसे मेली, कुणाचा खून झाला, एवढे सांगून इतिहासकार मोकळे होतात. शहर पुन्हा उघडले कसे, ते कुणी उघडले, आणि उघडताना कोणाचे दार आधी उघडले व कोणाचे शेवटी, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. बंद होणे हा भीतीचा व्यवहार आहे आणि भीती सर्वांनाच असते. उघडताना मात्र निवड करावी लागते. काय आधी, काय नंतर हे कुणीतरी ठरवतो, आणि ठरवणाऱ्याच्या मनातली समाजाची उतरंड त्या क्रमात जशीच्या तशी उतरते. आमच्या गावाच्या नावातच कुंभार आहे. तेव्हा उतरंड म्हणजे काय आणि तिच्यातले तळाचे मडके कोणता भार सोसते, हे आम्हाला निराळे समजावून सांगावे लागत नाही.

२०२० चाच क्रम पाहा. महाराष्ट्रात १८९७ चा साथरोग कायदा १३ मार्चला लागू झाला. २४ मार्चच्या रात्री आठ वाजता पंतप्रधानांनी टाळेबंदी जाहीर केली आणि चार तासांत देश बंद झाला. उघडायला मात्र दीड वर्षाहून अधिक काळ गेला. जून लागताना राज्य सरकारने 'पुनश्च हरिओम' म्हणत ३, ५ आणि ८ जून अशा पायऱ्या आखल्या. दारूची दुकाने त्याच्याही आधी, मे महिन्यातच अनेक जिल्ह्यांत उघडली होती. ५ ऑक्टोबरला उपाहारगृहे आणि बार उघडले. १५ ऑक्टोबरला ग्रंथालये. १६ नोव्हेंबरला, पाडव्याच्या मुहूर्तावर, मंदिरे व इतर प्रार्थनास्थळे. २३ नोव्हेंबरपासून, जेथे स्थानिक प्रशासनाने मान्यता दिली तेथे, नववी ते बारावीचे वर्ग. महाविद्यालये १५ फेब्रुवारी २०२१ ला, तीही निम्म्या उपस्थितीने, आणि दुसरी लाट येताच पुन्हा बंद. हा क्रम कुणी कट करून आखला असे मी म्हणत नाही. महसूल, मतदार आणि मोर्चे यांच्या रेट्याने तो आपोआप तयार झाला. परंतु आपोआप जे तयार होते त्यातच व्यवस्थेचा स्वभाव दिसतो. मंदिरांसाठी मोर्चे निघाले. पंढरपूरला ऑगस्टअखेर झालेल्या आंदोलनाचे नेतृत्व तर अॅड. प्रकाश आंबेडकरांनीच केले. वसतिगृहे उघडा म्हणून मात्र त्या तोडीचा एकही मोर्चा निघाला नाही. याचा विचार इतरांच्या आधी आपल्या चळवळीने करावा.

'पुनश्च हरिओम' या शब्दांनाही इतिहास आहे. १८९७ च्या प्लेगच्या दिवसांतील लेखनावरून लोकमान्य टिळकांना राजद्रोहाची शिक्षा झाली. सुटून आल्यावर 'केसरी'ची सूत्रे पुन्हा हाती घेताना त्यांनी लिहिलेल्या अग्रलेखाचे हे शीर्षक. म्हणजे २०२० चे शहर उघडताना सरकारला प्लेगच्या काळाची आठवण झाली होती. ती कोणत्या प्लेगची, एवढाच प्रश्न आहे. कारण त्या काळाच्या आठवणी दोन आहेत.

एक आठवण पाठ्यपुस्तकातली. रँडसाहेब, गोऱ्या शिपायांच्या घरझडत्या, २२ जून १८९७ ची रात्र, चापेकर बंधू. दुसरी आठवण पुण्याबाहेरच्या ससाणे मळ्यातली. सैन्यात डॉक्टर असलेल्या मुलाला, यशवंतरावांना, सावित्रीबाई फुले यांनी बोलावून घेतले आणि तेथे प्लेगच्या रोग्यांसाठी दवाखाना घातला. मुंढव्याच्या महारवाड्यातील पांडुरंग बाबाजी गायकवाड यांच्या मुलाला प्लेगची गाठ आली तेव्हा त्याला पाठीवर घेऊन सावित्रीबाई दवाखान्यात आल्या, असे सांगितले जाते. मुलगा वाचला. सावित्रीबाईंना लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. पुण्यात पलटणीच्या घरझडत्या सुरू झाल्या त्या मार्चच्या मध्याला. सरकारी बंदोबस्त उभा राहण्याआधी एका वृद्ध स्त्रीने आपला बंदोबस्त उभा केला होता आणि त्यात आपला देह खर्च केला होता. पुढे १९०५ मध्ये यशवंतरावही गेले.

या दवाखान्याचे वेगळेपण मुंबईकडे पाहिल्यावर कळते. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवीत डॉ. व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. सक्तीने रुग्णालयात नेण्याची लोकांना इतकी धास्ती होती की ऑक्टोबरअखेर सुमारे हजार गिरणी कामगार आर्थर रोडच्या रुग्णालयावर चालून गेले. त्यावर तोड म्हणून जातिजमातींची इस्पितळे निघाली. पारशांचे निराळे, भाटियांचे निराळे, खोजांचे निराळे. ज्या जमातीत शेटिये होते तिच्या रोग्याला स्वतःच्या चालीरीतीप्रमाणे अन्नपाणी, स्वतःचे डॉक्टर आणि मेल्यावर स्वतःचे विधी मिळाले. आजच्या अहवालांतून ज्याला मोठ्या कौतुकाने 'समाजाची साधने' म्हणतात ती तेव्हा ही होती. जात हीच विमा-कंपनी होती म्हणा ना! मग ज्यांच्या जातीपाशी विमा नव्हता त्यांचे काय? त्यांच्या वाट्याला सरकारी शेड आणि छावणी. 'समाजाने पुढे यावे' असे आवाहन जेव्हा जेव्हा होते तेव्हा कोणत्या समाजापाशी पुढे येण्याजोगे काय आहे हे आधी विचारले पाहिजे. ससाणे मळ्यातला दवाखाना जातीच्या पैशावर उभा नव्हता आणि जातीच्या रोग्यांसाठीही नव्हता, म्हणून तो आपल्या परंपरेत महत्त्वाचा.

पण आपल्या माणसांपाशी एक साधन होते, आणि ते फार मोठे होते. १८९७ च्या फेब्रुवारीपर्यंत मुंबईची निम्म्याच्या आसपास वस्ती शहर सोडून गेली. महापालिकेच्या आयुक्तांना, स्नो यांना, सर्वांत मोठी भीती वाटत होती ती व्यापारी जाण्याची नव्हे. हलालखोर आणि बिगारी जाण्याची. मैला उचलणारा आणि रस्ता झाडणारा माणूस गेला तर शहर चार दिवसांत राहण्यालायक उरणार नाही, हे त्यांना कळत होते. सक्तीची मोहीम त्यांनी सैल केली त्यात ही भीती हे एक प्रमुख कारण होते. याच शहरात १८८९ मध्ये हलालखोरांनी संप केला होता आणि त्याला उत्तर म्हणून १८९० च्या कायद्याने नोटीस न देता सफाईचे काम सोडणे हा गुन्हा ठरवण्यात आला होता. ज्याला शिवायचे नाही त्याला सोडायचेही नाही, हे त्या कायद्याचे मर्म. प्लेगमध्ये मात्र कायद्याचाही धाक पुरेना.

गिरण्यांतही तेच घडले. माणसेच उरली नाहीत तेव्हा मालकांचे हस्तक रस्त्यांच्या कोपऱ्यांवर उभे राहून मजुरीची बोली लावू लागले आणि महिन्याच्या पगारासाठी रखडवणाऱ्या गिरण्या रोजचा रोज पैसे मोजू लागल्या. मुंबई उघडली ती अशी. साथ ओसरली हे खरेच; पण कोकणातून आणि घाटावरून परत आलेल्या आणि परतलेच नसते तरी ज्यांना दोष देता आला नसता अशा हातांनी ती उघडली. त्या हातांत दलितांचे हात किती होते आणि त्यांना गिरणीच्या कोणत्या खात्यात शिरू दिले जात होते, हा पुढचा प्रश्न. साच्यावर सूत ओढताना धोटा तोंडाला लावावा लागे म्हणून विणाईखाते अस्पृश्यांना बंद होते. १९२८ च्या संपात बाबासाहेबांना हा प्रश्न मांडावा लागला, म्हणजे प्लेगनंतर तीस वर्षांनीही ते दार उघडलेले नव्हते.

प्लेगमुळे १८९८ मध्ये मुंबईत इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्याने सुरुवातीच्या वर्षांत गरिबांची घरे बांधली त्यापेक्षा पाडली जास्त. तरी ज्या काही चाळी उभ्या राहिल्या त्यांतल्या परळच्या चाळीत बाबासाहेबांचे बिऱ्हाड १९३४ पर्यंत होते. 'मूकनायक' आणि 'बहिष्कृत भारत' यांचा काळ त्याच दोन खोल्यांतला. साथीने उभी केलेली चाळ अशा रीतीने आपल्या इतिहासाची जागा झाली, याचे श्रेय अर्थात ट्रस्टला नाही.

आता १९१८. जूनमध्ये सात पोलीस शिपायांना ताप आला आणि इन्फ्लुएन्झा शहरात शिरला. सप्टेंबर-ऑक्टोबरची दुसरी लाट भयंकर होती; ६ ऑक्टोबर या एका दिवशी मुंबईत ७६८ माणसे मेली. आरोग्य अधिकारी टर्नर यांच्या अहवालात इन्फ्लुएन्झाच्या मृत्यूंचे दर हजारी प्रमाण जमातवार दिले आहे. युरोपियन ८.३. पारशी ९. इतर हिंदू १८.९. मुसलमान १९.२. आणि 'खालच्या जातीचे हिंदू' ६१.६. हा आकडा मी दर वर्षी वर्गात फळ्यावर लिहितो आणि काही वेळ काहीच बोलत नाही. एकच शहर, एकच जंतू, तीच हवा. आणि युरोपियनाच्या सातपटीहून अधिक आणि स्पृश्य हिंदूच्या तिपटीहून अधिक मरण. जंतूला जात कळत नाही असे म्हणणाऱ्यांनी हे कोष्टक वाचावे. जंतूला जात कळत नसेल, खोलीला कळते. नळाला, मजुरीला कळते.

२०२० मध्ये रोज सायंकाळी आकडे प्रसिद्ध होत. ते सांगणारे तेव्हाचे आरोग्यमंत्री राजेश टोपे आमच्याच घनसावंगी मतदारसंघाचे आमदार होते, त्यामुळे इकडच्या घरांत ते विशेष लक्ष देऊन ऐकले जात. वय, जिल्हा, अन्य आजार, सगळे रकाने असत. जातीचा रकाना नव्हता. परकी सरकारने जो रकाना ठेवला तो स्वकीयांनी ठेवला नाही, आणि तो नसल्याने विषमता नव्हती असे समजण्याची सोय झाली. तरी सत्य दुसऱ्या दाराने बाहेर आले. जुलै २०२० मध्ये मुंबईच्या तीन वॉर्डांत रक्ततपासणीची पाहणी झाली; झोपडपट्टीतील ५७ टक्के लोकांत प्रतिद्रव्ये सापडली, झोपडपट्टीबाहेरच्या १६ टक्क्यांत. दहा-बारा घरांत एक संडास असेल तर अंतर पाळायचे कुणी आणि कोणापासून? 'अंतर ठेवा' हे शब्द आपल्याला नवे नव्हते. या वेळी ते सर्वांना लागू केले गेले एवढेच नवे.

शहर उघडतानाही असेच. सफाई कामगार तर बंदच झाला नव्हता. १५ जून २०२० ला मुंबईची लोकल सुरू झाली ती अत्यावश्यक सेवेतल्यांसाठी. घरकाम करणारी बाई अत्यावश्यक नव्हती. तिला डब्यात चढता आले ते २१ ऑक्टोबरला स्त्रियांना परवानगी मिळाल्यावर, तेही अकरा ते तीन आणि संध्याकाळी सातनंतर. भांड्याधुण्याचे काम सकाळी सातला सुरू होते, हे वेळापत्रक करणाऱ्याला ठाऊक नसावे. सर्वांना गाडी मिळाली १ फेब्रुवारी २०२१ ला, ठराविक वेळांत. दुसऱ्या लाटेत ती पुन्हा गेली. आणि १५ ऑगस्टला परत आली ती दोन लसमात्रांचा दाखला दाखवणाऱ्यांसाठी.

आमच्या जालन्याची गोष्ट सांगितल्याशिवाय हा लेख पुरा होत नाही. जालना म्हणजे सळईचे कारखाने. ७ मे २०२० ला, बुद्धपौर्णिमेच्या संध्याकाळी, तेथील एका कारखान्यातले वीस मजूर रेल्वेरुळांवरून चालत निघाले. मध्य प्रदेशातील उमरिया व शहडोल जिल्ह्यांतले, बहुतेक गोंड आदिवासी. श्रमिक गाड्या १ मेपासून सुरू झाल्या होत्या. भुसावळहून एखादी मिळेल अशी त्यांना आशा होती. रात्रभर चालून तेव्हाच्या औरंगाबाद जिल्ह्यातील करमाडजवळ ते रुळांवर थकून झोपले. पहाटे सव्वापाचच्या सुमारास मालगाडी आली. सोळा माणसे मेली. रुळांवर विखुरलेल्या भाकरी-पोळ्यांची छायाचित्रे सर्वांनी पाहिली. गाड्या बंद आहेत या समजुतीने ते रुळांवर झोपले. बंद काय आणि चालू काय हे ज्याच्यापर्यंत कुणी पोचवलेच नाही, त्याच्यापुरते ते शहर कोणत्या टप्प्यात होते?

शिधापत्रिकेचाही तोच घोळ. एप्रिल २०२० पासून माणशी पाच किलो मोफत धान्य मिळू लागले, परंतु पत्रिका गावी आणि माणूस शहरात. ऊसतोड मजुरांना कारखान्यांवरून घरी परतण्याची परवानगी १७ एप्रिलला मिळाली. तोवर ते फडात, कोपीत. परतल्यावर शाळेच्या खोल्यांत आणि गावाबाहेरच्या शेतांत त्यांचे विलगीकरण. शिवभोजनाची थाळी त्या काळात पाच रुपयांना होती आणि तिने पुष्कळांना जगवले, हे मान्य केलेच पाहिजे. पण ती केंद्रांवर, फडात नव्हे.

आणि वसतिगृहे. मागासवर्गीय मुलामुलींची सरकारी वसतिगृहे अनेक ठिकाणी विलगीकरणासाठी घेतली गेली. गरज होती, मी नाकारीत नाही. पण ज्या घरातला पहिला मुलगा महाविद्यालयात जातो त्या घरात वसतिगृह ही सवलत नसते. दिवा, टेबल आणि शांतता मिळण्याची ती एकमेव जागा असते. १९५० मध्ये बाबासाहेबांनी औरंगाबादला महाविद्यालय काढले तेव्हा मराठवाड्यातल्या आपल्या मुलांना वर्गाइतकीच राहण्याची सोय हवी होती, हे त्या पिढीतल्या कुणालाही विचारा. मोबाइलवरच्या तासांच्या काळात कुंभार पिंपळगाव आणि आसपासच्या खेड्यांतली मुले एका फोनवर तिघे बसत. फोन वडिलांबरोबर फडावर गेला की तास बुडाला. मुलींचे त्याहून वाईट. काहींची लग्ने त्याच दीड वर्षात उरकली गेली आणि महाविद्यालये उघडली तेव्हा हजेरीपटावर नावे होती, बाकावर मुली नव्हत्या.

या मुलींची, परत आलेल्या मजुरांची, शाळेच्या खोलीत चौदा दिवस काढलेल्या कुटुंबांची नोंद ग्रामपंचायतींच्या आणि शाळांच्या वह्यांत अजून आहे. कुणाचे नाव, कोणत्या गावाहून आला, किती माणसे बरोबर होती, एवढी माहिती तरी त्यांत सापडते. अशा वह्या रद्दीत जायला फार वर्षे लागत नाहीत. इतिहासाच्या विद्यार्थ्यांना मी गेल्या दोन वर्षांपासून हेच काम देतो आहे : आपल्या गावची वही पाहा, उतरवून घ्या, आणि वहीत ज्यांची नावे आहेत त्यांच्या घरी जाऊन तीन गोष्टी विचारा. तुम्ही परत कशाने आलात, आल्यावर पाणी कुणी दिले, आणि पुन्हा शहरात कधी व कशासाठी गेलात. इतर जिल्ह्यांतील शिक्षक मित्रांनी हे काम हाती घेतले तर हाती आलेली टिपणे एकमेकांना पाठवता येतील.