पांढरीतलं गाव आणि बासनातली वही



दिंडीला शंभर वर्षं झाली. केवढा मोठा काळ! पण ज्या मातीतून आपली दिंडी निघते ती माती त्याहून कितीतरी जुनी आहे. घोड नदीच्या काठची आपल्या इनामगावची पांढर पुण्याच्या डेक्कन कॉलेजनं १९६८ सालापासून पुढे अनेक हंगाम उकरली. डॉ. सांकळिया, डॉ. अन्सारी, डॉ. ढवळीकर अशी मोठी माणसं त्या कामात होती.

निघालं काय? सोन्याचे हंडे नव्हेत. निघालं ते कुणब्यांचंच गाव, इसवी सनापूर्वी सुमारे १६०० ते ७०० या काळातलं. मातीची घरं, चुली, रंगवलेली मडकी, जळून काळे झालेले जव-गव्हाचे दाणे. नदीचं पाणी शेताकडं वळवायला घातलेला बांध आणि पाट. लेकरू गेलं तर दोन मडक्यांची तोंडं जुळवून, त्यात ठेवून घरातल्याच जमिनीखाली पुरलेलं. पाच खोल्यांच्या एका मोठ्या घराच्या अंगणात चार पायांच्या रांजणात मांडी घालून बसवलेला माणूस, आणि त्याच घराला धान्याचं कोठार. तीन हजार वर्षांपूर्वीही इथं माणूस पावसाकडं डोळे लावून बसत होता.

हे कळलं कशामुळं? मातीचा एकेक थर हलक्या हातानं काढला आणि काय कुठं सापडलं ते लिहून ठेवलं म्हणून. तीच माती ट्रॉलीत भरून शेतात पसरली असती तर मडकी फुटली असती आणि गोष्टही संपली असती. एकदा हललेला थर पुन्हा बोलत नाही.

आता कुणी म्हणेल, ही कामं शिकलेल्यांची, आपण टाळ वाजवावा. पण वारकरी संप्रदायाचा इतिहास काय सांगतो बघा. माउलींनी ज्ञानेश्वरी सांगितली शके १२१२ मध्ये. पुढं नकला होता होता पाठ बिघडला, तेव्हा शके १५०६ मध्ये पैठणच्या नाथमहाराजांनी जुन्या पोथ्या ताडून तो शुद्ध केला. तुकोबारायांचे टाळकरी संताजी जगनाडे चाकणचे. तेलाचा घाणा चालवणारा हा माणूस अभंग लिहून ठेवत होता. त्याच वह्यांवरून वि. ल. भावे यांनी १९१९-२० च्या सुमारास गाथा छापली. घाण्यावरच्या हातानं जपलं म्हणून ते आपल्या ओठांवर आलं.

तीच सेवा पुढं एका मंडळानं केली. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे गावोगाव हिंडून वाड्यांतले, देवळांतले, अडगळीतले कागद गोळा करत. त्यातून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधनें’ या ग्रंथाचे २२ खंड झाले. पहिला १८९८ साली. ज्ञानेश्वरीची एक जुनी पोथीही त्यांच्या हाती लागली, ती त्यांनी १९०९ साली छापली. मग ७ जुलै १९१० रोजी त्यांनी आणि खंडेराव मेहेंदळे यांनी पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन केलं. सरकारचा हुकूम नाही, पगाराची आशा नाही. हौसेनं आलेली माणसं सापडलेला कागद सभेत वाचायची, त्यावर भांडायची, मग छापायची. आज तिथं मोडीतले लाखो कागद सुखरूप आहेत. याच मंडळात आयुष्य घालवलेल्या ग. ह. खरे यांनी ‘श्रीविठ्ठल आणि पंढरपूर’ हा ग्रंथ लिहिला. आपल्या विठोबाचा इतिहास सांगणारं पुस्तक अशा बिनपगारी सेवेच्या घरातून आलं, हे वारकऱ्यानं विसरू नये.

आता आपल्या घरात डोकावू. म्हातारं माणूस गेलं की त्याच्या पोथ्या-वह्या नदीत सोडायच्या, ही आपली रीत. भाव चांगला, पण त्या पोथीच्या शेवटच्या पानावर लिहिणाऱ्याचं नाव, गाव, शक असतो. दिंडीच्या जुन्या वहीत कुठल्या मुक्कामी कुणी पंगत दिली, भिशीला किती जमा झाले, वीणा कुणाच्या गळ्यात होती, हे असतं. ते पाण्यात गेलं की ज्यांनी आपल्याला वाटेत भाकरी घातली त्यांची नावंही गेली. तुळस डोक्यावर घेऊन चाललेल्या आयाबायांची नावं तर बहुतेक कागदावर आलेलीच नाहीत. ती अजून कुणाच्या तरी तोंडात आहेत, तोवर विचारून घ्या.

यासाठी मोठं मंडळ लागत नाही. चार माणसं आणि एक लोखंडी पेटी पुरे. वही कोरड्या सुती कापडात बासन करून ठेवावी. फाटल्या पानाला चिकटपट्टी लावू नये, तिच्या डिंकानं कागद खराब होतो. पानांचे फोटो मोबाइलवर काढून दोन-तीन घरी ठेवावेत. जुन्या फोटोमागं शिसपेन्सिलीनं हलकेच नावं लिहावीत. मोडी असेल तर जाणकाराला दाखवावं, नदीला नाही. आणि पांढरीवर मडक्याचा तुकडा दिसला तर तो तिथंच राहू द्यावा; माती उचलू नये, उचलू देऊ नये.

शंभर वर्षांपूर्वी पहिली पताका खांद्यावर घेणाऱ्यांना आपण पाहिलं नाही. आणखी शंभर वर्षांनी निघणारी दिंडी आपल्याला पाहणार नाही. मधला धागा वहीचा आणि आठवणीचा. यंदा वारीहून आलात की आधी फडताळ उघडा.

राम कृष्ण हरी!